भांडी घासणारीचं बोट

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला संजीव-विनीताच्या घरी त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, आणि आत सोफ्यावर भारतातून टूरवर आलेले अमोघानंद महाराज. त्यांच्यापुढे पाण्याची परात, पाण्यावर हळदीचा पातळ थर. विनीताच्या सात महिन्यांच्या वीरच्या पोटात दूध टिकत नव्हतं, अंगावर पुरळ होतं. डॉक्टरांच्या तपासण्यांचे रिपोर्ट यायचे होते, पण तेवढा धीर कोणाला?

"बाळाला बाधा आहे," महाराज म्हणाले. "फुल निगेटिव्ह एनर्जी. घरात वावरणारीच कोणी बाई. हळद तिचा स्पर्श सहन करणार नाही."

एकेक बाई परातीत बोट बुडवून गेली. हळद जागची हलली नाही.

"किचनमध्ये कोण आहे? त्यांनाही बोलवा."

किचनमध्ये सुलेखा होती. नवरा गेल्यापासून एकटी राहणारी, वीरला दिवसभर सांभाळणारी. पाहुण्यांची भांडी घासत होती. दुसरं कोण घासणार? ओढणीला हात पुसत ती आली, बोट बुडवलं, आणि हळद भेदरल्यासारखी परातीच्या कडेला पळाली.

विनीता वीरला छातीशी धरून मागे सरकली. "मावशी, तुम्ही?"

सुलेखा स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली.

मी पाहुण्यांतच बसले होते; माझं डोकं सणकलं. मी ऑइल कंपनीत केमिस्ट होते, आणि त्या खोलीतले निम्मे पुरुष जन्मभर तेल-पाण्याच्याच धंद्यात. एकेकाळी युरोपात चेटकीण म्हणून धरलेल्या बाईला बांधून पाण्यात टाकत. तरंगली, तर पाण्याने तिला नाकारलं म्हणून दोषी. त्या लोकांना अडाणी म्हणायची तरी सोय आहे.

मी परात धुतली, नवं पाणी घेतलं, हळद भुरभुरली. बोटाला भांड्यांचा साबण लावून बुडवलं. हळद पळाली.

"घ्या, आता मीही चेटकीण," मी म्हणाले. "पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला असतो. साबण लागला की तिथला ताण कमी होतो, बाकीचं पाणी बाजूला ओढलं जातं, हळद त्याच्याबरोबर जाते. महाराजांनी भांडी घासणारीलाच शेवटी बोलावलं, ते उगाच नाही."

मग सुलेखाचा हात नळाखाली स्वच्छ धुतला, परात धुऊन पुन्हा भरली. तिच्या बोटाभोवती हळद शांत राहिली.

"सरफेस टेन्शन! ऑब्व्हियस आहे यार," संजीव हसला. महाराजांना अचानक दुसऱ्या घरचा कार्यक्रम आठवला.

मला वाटलं, जिंकलो आपण. तेवढ्यात विनीता मला बाजूला घेऊन म्हणाली, "उत्तराकाकू, सायन्स पटलं मला, रिअली. पण थोडे महिने मावशींनी नको यायला. रिस्क कशाला घ्यायची?"

सुलेखाने ते ऐकलं. आईच्या कडेवरून वीर तिच्याकडे झेपावत होता. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"उत्तराताई," ती हळूच म्हणाली, "खरंच माझ्या हातात काही असलं तर?"

मी गाडीत बसून रडले.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. वीरला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी होती. फॉर्म्युला, म्हणजे डब्याचं दूध, बदललं, पोर सुधारलं. ओळखीतले लोक म्हणतात, मावशी यायची थांबली आणि बाळ बरं झालं.

हा प्रयोग तुम्ही घरी जरूर करून बघा, मुलांनाही दाखवा. पण तो संपल्यावर जिच्यावर आळ घेतलात, तिच्या हातात आपलं मूल द्या. ते होत नसेल, तर आम्हाला पटलं असं म्हणू नका.