तारवाल्याचे वाक्य

आमच्या नायगावच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी वर्तमानपत्रे वाटून घेण्याची पद्धत होती. एका खोलीने एक पत्र घ्यावे, शेजारच्या खोलीने दुसरे, आणि सकाळी दहाच्या आत सगळी पत्रे सगळ्या खोल्यांतून फिरून परत यावीत. तीच पद्धत पुढे आम्ही मोबाईलवरील करमणुकीच्या ॲपना लावली. परिस्थितीच तशी उत्पन्न झाली होती. एका कंपनीने क्रिकेटचे सामने घेतले, दुसरीने नवे चित्रपट घेतले, तिसरीने मालिका पळवल्या. जो मराठी चित्रपट या महिन्यात एके ठिकाणी दिसतो, तो पुढल्या महिन्यात तिथे सापडत नाही. मोठ्यांची चढाओढ हिंदीसाठी चालते. मराठी हे त्यांच्या ताटातले लोणचे होय. असले तर बरे, नसले तरी जेवण अडत नाही.

म्हणून आम्ही खोल्यांनी एकेक ॲप वाटून घेतले आणि परस्परांना पासवर्ड दिले. अभयच्या वाट्याला ‘ओसरी’ आले. हे ॲप केवळ मराठीचे होते. त्यात नवे फारसे काही नसे, परंतु कुणाच्या कपाटातून निघालेल्या जुन्या चित्रफिती, कीर्तने, कामगारांच्या नाट्यस्पर्धा असे बरेच काही असे. अभय हा बेस्टमध्ये कंडक्टर आहे. त्याला स्वतःला पाहण्यास सवड नसते. पाहते ती त्याची पत्नी दीपिका.

माझ्याविषयी सांगायचे तर मी सातवीपर्यंत शिकलो. गिरणी बंद पडल्यावर एका ग्रंथालयात बावीस वर्षे शिपाई होतो. तेथे जे वाचन घडले ते घडले. चाळीच्या प्रवेशद्वारापाशी जो फळा आहे त्यावर सुविचार, पाण्याच्या वेळा आणि निधनवार्ता मी लिहितो. त्यामुळे मला सगळे मास्तर म्हणतात.

नोव्हेंबर महिन्यात दीपिकाला ओसरीवर एक तीन अंकी नाटक सापडले. गिरणी संपानंतरच्या काळात एका कामगार स्पर्धेत त्याचा प्रयोग झाला होता. नावांच्या यादीत शेवटून दुसरे नाव होते : तारवाला – रघु घाडी.

रघु घाडी म्हणजे सुंदराबाईंचे यजमान. सुंदराबाई आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहतात. रघुला जाऊन सव्वीस वर्षे झाली. त्या नाटकात त्याला एकच वाक्य होते : “तार आहे, बाई. घाबरू नका, चांगली आहे.” हे वाक्य त्याने महिनाभर खोलीत घोकले. भाकरी भाजताना सुंदराबाईंनी बाई व्हावे आणि त्याने दारातून यावे, असा तो सराव चाले. प्रयोगाच्या वेळी मात्र सुंदराबाई बाळंतपणासाठी गावी होत्या. परतल्यावर त्यांना कळले की रघुच्या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. हे त्यांना रघुनेच सांगितले होते.

नाटक सापडले तेव्हा सुंदराबाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलीकडे कणकवलीस गेल्या होत्या, म्हणून त्या येईपर्यंत ते कोणी पाहायचे नाही असे आम्ही ठरवले. त्या शनिवारी, एकोणतीस तारखेला परतल्या. त्याच आठवड्यात ओसरीचा संदेश आला होता. ते ॲप एका मोठ्या कंपनीने विकत घेतले असून, लोक जे जास्त पाहतात तेवढेच नव्या ठिकाणी नेले जाईल. उरलेले तीस नोव्हेंबरनंतर दिसणार नाही. आमचे नाटक उरलेल्यांत होते.

सुंदराबाईंना आम्ही हे सारे सांगितले. त्यांच्या डोळ्यांवर अजून शस्त्रक्रियेनंतरचा हिरवा चष्मा होता.

“फोटो आसा तेचो,” त्या म्हणाल्या. “पण फोटो बोलता काय? मास्तर, खरा सांगू? तेचो आवाज माका आता आठवणा नाय. तोंड आठवता, चाल आठवता, आवाज नाय. माका तेवढो आयकूचो आसा.”

“आत्ता लावते फोनवर,” दीपिका म्हणाली. “पाच मिनिटांचं काम आहे, आजी.”

येथे मी मध्ये पडलो. पुढे जे घडले त्याचे मूळ माझ्या त्या वाक्यात आहे, म्हणून ते मी जसेच्या तसे नोंदवतो. मी म्हणालो, “दीपिका, चाळीचा कलावंत चाळीसमोर आला पाहिजे. उद्या रविवार आहे. मंडळाच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर, सहा वाजता, सर्वांसमक्ष.”

“झालं,” माझी पत्नी नलू म्हणाली. “आता फळा भरणार.”

सुंदराबाई म्हणाल्या, “सव्वीस वर्सा थांबलंय. एक दिवस काय.”

त्या सायंकाळी मी फळा धुतला, वाळवला, आणि पांढऱ्या व पिवळ्या खडूने पुढील मजकूर लिहिला : “आपल्या चाळीचे सुपुत्र कै. रघुनाथ घाडी यांच्या अविस्मरणीय अभिनयाचे दर्शन. रविवार, सायं. ६. सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. जे आजारपणामुळे अथवा संक्रमण शिबिरात राहावयास गेल्यामुळे येऊ शकत नाहीत त्यांच्या सोयीसाठी ओसरीचा पासवर्ड खाली देत आहोत.” आणि तो खाली दिला. अभयचा फोन नंबरही दिला, कारण त्याशिवाय आत जाता येत नाही. अक्षर चांगले आले होते. येणारेजाणारे थांबून फोटो काढत होते, त्याचे मला समाधान वाटले.

रविवारी सहाला खोली भरली. सुंदराबाई इस्त्रीचे लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसल्या. दीपिकाने नाटक लावले. चित्र धूसर होते, आवाज डब्यातून आल्यासारखा. परंतु नट स्पष्ट दिसत होते.

“यादीत तारवाला दुसऱ्या अंकात दिलाय,” दीपिका माझ्या कानाशी म्हणाली. “पुढे सरकवू का?”

“नाटक पहिल्यापासून पाहायचे असते,” मी म्हणालो.

अठरा मिनिटे झाली आणि चित्र थांबले. पडद्यावर सूचना आली की हे खाते एकाच वेळी चारांपेक्षा अधिक ठिकाणी वापरले जात आहे. कोणी काय करावे हे कोणालाच कळेना. मी बाहेर येऊन चौकात उभा राहिलो आणि वर पाहून ओरडलो, “जे घरात पाहत असतील त्यांनी बंद करावे! खाली टीव्ही अडला आहे!”

पहिल्या मजल्यावरून उत्तर आले, “मास्तर, तुम्हीच पासवर्ड दिलात ना! आता बंद करा कसं?”

“आजारी माणसांसाठी दिला होता!”

“माझे गुडघे दुखतायत की!”

तरीही चाळीतल्या लोकांनी बंद केले. पण फळ्याचा फोटो तोवर चाळ ओलांडून गेला होता. दीपिकाचा भाऊ वैभव कॉटन ग्रीनला राहतो. त्याने फोन करून आनंदाने कळवले की त्यांच्या इमारतीतही सगळे पाहत आहेत, फक्त मध्येमध्ये अडकते. लोअर परळहून कुणा मावसबहिणीचा असाच निरोप आला. दीपिका त्यांना ओरडत होती, तेवढ्यात पडद्यावरून नाटक पूर्णच गेले. खाते संशयास्पद वापरामुळे बंद करण्यात आले असून नोंदलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी दिल्याखेरीज उघडणार नाही, असे त्यात लिहिले होते.

नोंदलेला क्रमांक अभयचा. अभय ड्युटीवर, आणि ड्युटीवर तो फोन बंद ठेवून पिशवीत टाकतो. ड्युटी संपून आगारातून घरी यायला त्याला बारा वाजतात. आणि बारानंतर ती तारीख उरणार नव्हती.

“बंद झाला?” सुंदराबाईंनी विचारले.

नलू बोलली, आणि ती माझ्याशीच बोलली. “काल पाच मिनिटांचं काम होतं.”

मी चपला घातल्या. अभयची बस सातच्या सुमारास खोदादाद सर्कलवरून जाते हे मला ठाऊक होते. दीपिकाला सांगितले की माझा फोन आल्यावर ओटीपी मागव, आधी मागवू नकोस. कारण तो दहाच मिनिटे चालतो. सर्कलपर्यंत मी जवळजवळ धावलो. माझे वय एकाहत्तर आहे.

एक बस गेली, तिच्यात दुसरा कंडक्टर होता. त्यानंतरची पंचवीस मिनिटांनी आली. मी पुढल्या दाराने चढलो, ते नियमाविरुद्ध आहे.

“मास्तर, मागनं!” अभय ओरडला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, “काय झालं? कोण गेलं?”

“कोणी गेलेले नाही. फोन सुरू कर. ओटीपी हवा आहे.”

हा शब्द ऐकताच आसपासच्या प्रवाशांनी माना वळवल्या. एक गृहस्थ अभयला म्हणाले, “देऊ नका हां कंडक्टर. हेच लोक असतात. आमच्या सोसायटीत एकाचं अकाउंट साफ झालं.”

“अहो, हे आमचे मास्तर आहेत.”

“ओळखीचेच असतात सगळे,” मागची एक बाई म्हणाली. “काका, कशाला पाहिजे ओटीपी?”

मी दांडा धरून उभा होतो. धाप लागली होती, तरी सांगितले. “एका बाईंना त्यांच्या मयत नवऱ्याचा आवाज ऐकायचा आहे. तो ॲपमध्ये आहे. ॲप आज जाणार आहे.”

तीच बाई म्हणाली, “अहो कंडक्टर, लावा ना फोन चालू! तिकिटं काय पळून चाललीत?”

फोन सुरू होण्यास फार वेळ लागला. प्रवासी वाकून पाहत होते. मी दीपिकाला फोन लावला. तिने ओटीपी मागवला. आणि तो आला तेव्हा अभयच्या आधी त्या संशयी गृहस्थांनी सहाच्या सहा आकडे खणखणीत आवाजात वाचले. दीपिका तिकडून म्हणाली, “उघडलं.” मी पुढच्या थांब्यावर उतरलो.

चाळीत पोहोचेपर्यंत आठ वाजले होते. खोलीतील गर्दी ओसरली होती. सुंदराबाई, दीपिका आणि नलू एवढ्याच बसल्या होत्या. त्यांनी लावले नव्हते.

“तुमी येवचे होतास,” सुंदराबाई म्हणाल्या. “म्हणान थांबलंव.”

मी म्हणालो, “दुसरा अंक लाव.”

दीपिकाने सरकवत सरकवत ती जागा काढली. घराचा देखावा. नायिका चूल फुंकत बसलेली. दारातून खाकी कपड्यांतला तारवाला येतो. तो रघुच होता. डावा खांदा किंचित खाली, तशी त्याची चाल. सुंदराबाईंनी हिरवा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

रघु नायिकेसमोर उभा राहिला. त्याने तार पुढे केली आणि तोंड उघडले. काहीच बोलला नाही. तोंड मिटले. पुन्हा उघडले. ती नटी बिचारी दोनदा म्हणाली, “कसली तार आणलीत? वाईट नाही ना?” रघुने नकारार्थी मान हलवली, तार तिच्या हातात कोंबली आणि विंगेत निघून गेला. प्रेक्षकांतून कोणीतरी हसले. नटीने तार वाचण्यास सुरुवात केली.

मला सुंदराबाईंकडे पाहवेना. मी फळ्यावर ‘अविस्मरणीय’ असे लिहिले होते.

“खोटारडो मेलो!” सुंदराबाई म्हणाल्या. “माका सांगल्यान टाळये पडले! चाळीस वर्सा मी लोकांका सांगत फिरलंय!” आणि त्या हसू लागल्या. ते हसणे लवकरच थांबले. आवाज मिळाला नव्हता हे त्यांनाही कळले असावे. “परत लाव गो.”

दीपिकाने परत लावले. तोंड उघडले, मिटले, मान हलवली, गेला.

“परत. आवाज वाढव.”

तिसऱ्या वेळी टीव्हीचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेला. नटीचे बोलणे कानठळ्या बसवणारे झाले. रघु विंगेत गेला. सुंदराबाईंनी एकदम हात वर केला. “हंय! हंय थांबव. मागे घे.”

आम्हाला काही ऐकू आले नव्हते. दीपिकाने किंचित मागे घेतले. सुंदराबाई उठून टीव्हीला कान लावून उभ्या राहिल्या. नटी तार उघडते, कागदाचा खरखराट होतो, त्या खरखराटाच्या मागे विंगेतून कोणीतरी पुटपुटते. कोणाशी तरी, काकुळतीने.

“आयकलास?” सुंदराबाई म्हणाल्या. “गेला रे, इसारलंय. असा म्हणता हा. गेला रे, इसारलंय.”

मग आम्हालाही ऐकू आले. तो रघुच होता. बाजारातून मीठ आणायचे विसरल्यावर तो दारात उभा राहून असाच बोलत असे, हे मला तत्क्षणी आठवले.

सुंदराबाईंनी ते अकरा वेळा ऐकले. नंतर चष्मा लावला आणि म्हणाल्या, “बस. आता इसरूचंय नाय.” दीपिका म्हणाली की फोनवर उतरवून ठेवू; परंतु ॲप ते उतरवू देत नव्हते, पडदा काळा येत होता. मग टीव्हीसमोर नलूचा फोन धरून आम्ही तेवढा भाग टिपला. त्यात रघुच्या शब्दांपेक्षा आमच्या पंख्याचा आवाज अधिक आला आहे.

सोमवारी दीपिकाने पाहिले तेव्हा ओसरीच्या जागी नव्या कंपनीचे चिन्ह होते आणि शोधल्यावर दुसरेच काही हिंदी नाटक पुढे येत होते. मी सकाळी फळा धुतला. पासवर्ड पुसला, अभयचा क्रमांक पुसला. पाण्याची वेळ लिहिली. खाली जागा उरली होती, तेथे पांढऱ्या खडूने लिहिले :

“रविवारच्या नाटकात कै. रघु घाडी यांना आपले वाक्य आठवले नाही. मात्र त्यांचा आवाज श्रीमती सुंदराबाई यांना ऐकू आला. कळावे.”