बांधून काढलेली मदत

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात सुटा कागद कुणाला बघवत नाही. आमचे हे तर विजेच्या बिलांनाही टाके घालून, पुठ्ठा चढवून ठेवतात. त्यामुळे त्या दिवशी जे झालं, त्याचा सगळा दोष मी कॉम्प्युटरला देत नाही. निम्मा आमच्या घराण्याचा आहे.

आई त्या संध्याकाळी दादाकडे कायमची राहायला जाणार होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे होती. आता दादाच्या नव्या घरात तिच्यासाठी वेगळी खोली तयार झाली होती. तिच्यासोबत द्यायला म्हणून मी घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर एक अल्बम जुळवला. जाड, सायीच्या रंगाचा महागडा कागद आणून प्रिंटरमध्ये भरला. आता फक्त ‘छापा’ हे बटण दाबायचं राहिलं होतं आणि तेच नेमकं फिकट पडलं होतं. कितीही दाबा, ढिम्म!

ते सॉफ्टवेअर दादानेच टाकून दिलेलं. त्याला फोन लावला, तर साहेब गाडी चालवत होते.

"मदत उघड, त्यात सगळं आहे," म्हणाला आणि फोन ठेवला. लहानपणापासून हा असाच.

सॉफ्टवेअरमधली ती ‘मदत’ उघडली. ‘छपाई’ काढलं, तर म्हणे आधी ‘पानांची मांडणी’ पाहा. मांडणीत गेले, तर ‘प्रिंटर निवडणे’ पाहा. प्रिंटर निवडला, तर अधिक माहितीसाठी ‘छपाई’ पाहा! मी कपाळाला हात लावला.

"सरक," हे म्हणाले. "याला ना पुढचा पुठ्ठा, ना मागचा. यात माणूस हरवणारच. हातात घेऊन पानं उलटल्याशिवाय काही कळतं का?"

मी वर आईची बॅग भरायला गेले. आईने बॅगेतून चार वेळा साड्या काढल्या आणि पाच वेळा परत आत घातल्या. खाली आले, तेव्हा अख्खी मदत छापून, शिवून, लाल कापडाची पाठ लावून, शिकंज्यात दाबून बाहेर आली होती. ह्यांच्या चेहऱ्यावर पहिलं मूल झाल्याचा आनंद होता.

"आता बघ कसं सापडतं," हे म्हणाले.

कसलं सापडतंय? पानांना आकडे नव्हते. ‘खालील विषय पाहा’ असं लिहिलेलं होतं आणि खाली टेबल होतं. ह्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून पोथी वाचावी तसं वाचायला सुरुवात केली. मी शेजारी बसून दात खात होते. पण बऱ्याच वेळाने ‘कुलूप’ नावाच्या पानावर हे थांबले. अल्बमला कुलूप असेल तर छपाई होत नाही, असं तिथे लिहिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात खरंच मोहरीएवढं कुलूप होतं. दाबलं, आणि बटण काळंकुट्ट झालं! खरं सांगते, मला ह्यांना मिठी मारावीशी वाटली.

मी ‘छापा’ दाबलं. प्रिंटर घरघरला आणि म्हणाला, कागद संपला.

"अहो, हे पुस्तक कुठल्या कागदावर छापलंत?"

हे पानावरून बोट फिरवत म्हणाले, "प्रिंटरमध्ये होता तो. मला वाटलं, आज कागद छान आलाय."

पुढे मी काय काय बोलले, ते सांगत नाही. कागदवाल्याची नेमकी त्याच दिवशी सुट्टी. दादा निघालेला. आई रिकाम्या हाताने जाणार म्हणून मला रडू यायला लागलं. ह्यांनी गुपचूप ती मदत उलटी धरली. प्रत्येक पानाची पाठ कोरी होती.

मग आम्ही आईचे मूळ फोटोच काढले आणि खळ लावून त्या पाठींवर चिकटवत सुटलो. शेवटी पुस्तकाचं पोट सुटलं, पण बंद झालं.

दादा आला, बॅगा गाडीत गेल्या. आईच्या मांडीवर मी ते पुस्तक ठेवलं. ती एकेक पान उलटत एका ठिकाणी थांबली. डावीकडे बाबा खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले आणि उजवीकडे मदत. आई अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली.

"काढून टाकलेला फोटो परत आणणे. फोटोवर बोट दाबून धरा. नंतर ‘परत आणा’ निवडा."

तिने बाबांवर बोट दाबून धरलं.

"नाही येत गं," आई म्हणाली आणि हसली. "आले असते तर म्हणाले असते, मी नाही हलणार इथून. मग मलाही राहावंच लागलं असतं."

ती असं काही म्हणेल म्हणून तर तिला खरंच जायचंय का, हे मी इतके दिवस विचारलंच नव्हतं.

"आई, निघायचं ना?" दादाने दारातून विचारलं.

"जरा थांब रे," आईने पान उलटलं. "एवढी मदत आहे, वाचून तरी होऊ दे."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. हे उठले आणि गाडीतून बॅगा काढायला गेले.