भिंतीकडे तोंड केलेला वजनकाटा

मित्रांनो, मी अंगणवाडीतला एक जुना वजनकाटा आहे. आढ्याला टांगायचा, वर गोल तबकडी आणि खाली आकडा असलेला. माझ्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. रिकामा असतानाही माझी सुई कधी कधी शून्याच्या जरा पुढे अडकते, हे आधीच कबूल करतो. टिचकी मारली की परत येते.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. खोक्यात बसून आरमोरीला आलो आणि तिथून धानाच्या बांध्यांमधल्या या गावात. चौदा वर्षं इथली लेकरं तोलली. निळ्या कापडी चड्डीत पाय घालून त्यांना माझ्या आकड्याला लटकवत. बहुतेकांनी ती चड्डी ओली केली. वजन भरलं की एखादी आई तबकडीला हात लावून तो कपाळाला लावायची. मला संकोच व्हायचा, पण बरंही वाटायचं.

मग सेलवर चालणारा नवा काटा आला. मला खाली काढायलाही कुणाला सवड नव्हती. यंदा जूनमध्ये सेविका मंजुषाताई बाळंतपणाची रजा संपवून आल्या. त्यांनी माझ्या आकड्याला जुनं लुगडं बांधलं आणि आपल्या सहा महिन्यांच्या लेकीला, दिव्यानीला, त्यात ठेवलं. झोळीच करायची तर दोरी नव्हती का? वर, पोर हलत्या सुईकडे टक लावून बघते, झोपत नाही, म्हणून माझं तोंड भिंतीकडे फिरवलं!

तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर फक्त चुना. मागे काय चाललंय ते ऐकू यायचं. खिचडीचं भांडं, तीस पोरांचा गलका, मोबाइलवर माहिती भरण्याची घाई, आणि नेमकं तेव्हाच गेलेलं नेटवर्क. ताई एका हातानं झोळीला झोका द्यायच्या.

"झोप ना वं माय! दोनच नावं राह्यली माही. काऊन जीव खाऊन राह्यली?"

दोन नावं कधीच संपत नसत. दिव्यानीच्या वरण-भाताची डबी संध्याकाळी बहुधा तशीच भरलेली घरी जायची. तिच्या हातात बिस्किट असायचं. आणि याच ताई इतर आयांना रोज बजावायच्या, "सहा महिने झाले की मऊ भात द्या, वरून तेल टाका, दिवसातून तीनदा!" माझी स्प्रिंग चिडून कुरकुरायची. कुणाला वाटे, झोळीच वाजते.

कारण मला एक गोष्ट कळत होती. झोळीत दिव्यानी आली की सुई जिथे जूनमध्ये थांबायची, तिथेच ऑगस्टमध्येही थांबत होती. दोन महिने झाले, एक रेघही पुढे नाही. पण मी म्हातारा, गंजका. चूक माझीच असेल, असंही वाटे.

तिचं वजन कुणी करतही नव्हतं. बाळंतपण माहेरी, कोरपन्याकडे झालं, म्हणून नाव तिकडच्या अंगणवाडीच्या यादीत. तिकडचे समजत, पोर आईजवळ आहे, वजन होतच असेल. इकडच्या यादीत नावच नव्हतं. ताई म्हणायच्या, "पुढच्या महिन्यात चढवतो." दोनदा म्हणून झालं.

मग वजनाचा दिवस आला. निंदणाला जायच्या घाईत बाया रांगेत उभ्या, आणि नव्या काट्याचे सेल संपले. मदतनीस गिरजाबाईंनी मला फिरवून तबकडी समोर आणली. झोळीत दिव्यानी होती. त्या थबकल्या.

"बाई, हे पाहा बरं. लुगडं धरूनही साडेसहाच?"

"जाऊ द्या मावशी," ताई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाल्या. "तो काटा खराब आहे."

मला ते लागलं. पण खोटं आहे असं छातीठोक म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

रांगेतली वच्छला पुढे आली. "खराब कायचा? माह्या पोट्ट्याले लटकवा. कालच दवाखान्यात आठ किलो भरला. खोटा असन तं आत्ता समजते."

गिरजाबाईंनी दिव्यानीला काढलं, चड्डी अडकवली, टिचकी मारली. वच्छलाचा पोरगा लटकला आणि बोंबलला. मी श्वास रोखला. सुई हलली, डुलली आणि बरोबर आठावर थांबली.

मग चड्डीत दिव्यानी. सहा किलो शंभर.

"लोकायच्या लेकरायले कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात पाहून तुम्ही आम्हाले किती रागावता बाई," वच्छला म्हणाली. सुरुवात टोमण्याची होती. शेवटी आवाज मऊ झाला.

ताईंचा मोबाइल वाजत होता. त्यांनी तो उलटा ठेवला, डबी उघडली आणि सगळ्यांसमोर मांडी घालून दिव्यानीला भरवायला बसल्या. रांग थांबली. कुणी कुरकुरलं नाही. मग त्यांनी यादीच्या तळाशी पेनानं तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातही दाखवून आणलं.

आता मी पुन्हा खोलीकडे तोंड करून आहे. झोळी अजून माझ्याच आकड्याला आहे, आणि मी कुरकुरतोही. मागच्या वजनाच्या दिवशी सुई तीन रेघा पुढे गेली. मला वाटलं, स्प्रिंगच सैल झाली. ताईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्या दाराकडे वळून ओरडल्या, "वच्छलाबाई, तुमच्या पोराले आणा बरं एकदा!"

मित्रांनो, मला झोळी बांधा, हरकत नाही. फक्त माझं तोंड भिंतीकडे करू नका. आणि जी बाई साऱ्या गावाची लेकरं तोलते, तिच्या झोळीतही कधी डोकावून बघा. तिला स्वतःला सवड होत नाही.