हळदकुंकू लागलेलं कार्ड

मैनाबाईंनी कार्डाला हळदकुंकू वाहिलं होतं.

कौसल्याबाई दारातच थबकल्या. काल सकाळी त्यांनी या घरातल्या पाच दिवसांच्या मुलीच्या टाचेला सुई टोचून जाड कागदाच्या कार्डावर रक्ताचे ठिपके घेतले होते आणि सावलीत वाळायला ठेवून त्या पुढच्या गावी लसीकरणाला गेल्या होत्या. आता ते कार्ड पाचवीच्या पूजेत, सटवाईसाठी मांडलेल्या कोऱ्या कागदाशेजारी पडलं होतं. रक्ताच्या ठिपक्यांवर पिवळी-लाल बोटं उमटली होती.

"हे काय केलं, मैनाबाई?"

"काहून? तुमीच तं म्हणलं, या कागदावरून पोरीचं पुढचं कळते. मंग सटवाईले दाखवा लागन का नाई?"

हसावं की कपाळावर हात मारावा, कौसल्याबाईंना कळेना. चूक त्यांचीच होती. मारेगाव तालुक्यात नर्सबाई म्हणून सारी नोकरी काढलेल्या बाईला एवढं तरी कळायला हवं होतं, की ज्या घरात पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिथं 'पुढचं सांगणारा कागद' असा उघड्यावर ठेवू नये.

पण हे कार्ड वाया जाऊन चालणार नव्हतं. दोन वर्षांपूर्वी याच घरातला ऋतिक गेला होता. नऊ महिन्यांचं गुटगुटीत पोर. दिवसभर तापलं, ओकलं आणि संध्याकाळी काही न पिताच झोपलं. ताप उतरलाय, निवांत झोपलंय, म्हणून त्याच्या आईनं, सुरभीनं, त्याला उठवलं नाही. सकाळी ते उठलंच नाही. सुनेला कोणी दोष दिला नाही, पण "उठवून पाजलं असतं तं..." एवढं अर्धं वाक्य मैनाबाईंच्या तोंडून अधूनमधून निघायचं आणि तिथंच थांबायचं. सुरभी ते ऐकून घ्यायची आणि भांडी घासायला बसायची.

कौसल्याबाईंनी ही हकिगत यवतमाळच्या बालरोग डॉक्टरीणबाईंना सांगितली होती. पुढचं बाळ झालं की त्याचं रक्त नागपूरला पाठवायचं, असं तेव्हाच ठरलं होतं.

"आता पुन्हा टोचा लागन," कौसल्याबाई म्हणाल्या.

"नाई," मैनाबाईंनी नात छातीशी धरली. "एवढ्याशा जिवाले कितीकदा टोचान?"

दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकूनच पिणार. बाजेवरून मुलीच्या आजोबांनी, पुंडलिकरावांनी, विचारलं, "कायची तपासणी हाय म्हणता, सिस्टर?"

"मास स्पेक्ट्रोमेट्री."

"मासाचं नाव काढू नका बापा. आमी माळकरी आहो."

पदराआड सुरभी हसली. कितीतरी महिन्यांनी ती हसताना दिसली.

"मास म्हंजे वजन, आबाजी. नागपूरले मशीन हाय. जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर चढवते ना, तसं ते रक्तातल्या बारीक बारीक कणाचं वजन करते. वजनावरून कोणता कण हाय अन् किती हाय ते सांगते. एखादा कण लय जादा निघाला, तं तो पोरीच्या अंगात जिरून नाई राह्यला, असं समजाचं."

"डोयाले न दिसणारं तोलते?"

"तोलते."

पुंडलिकरावांचा जन्म कापूस विकण्यात गेला होता. "काटा बरोबर असन तं तोला," ते म्हणाले.

मैनाबाई मात्र हलेनात. तेवढ्यात सुरभी उठली.

"द्या आई, इकडं द्या तिले."

तिनं मुलीला मांडीवर घेतलं आणि इवलंसं पाऊल कौसल्याबाईंच्या पुढे धरलं. "टोचा, सिस्टर. ऋतिकले काय झालं होतं, ते मले कळू द्या."

कौसल्याबाईंनी पिशवीतून नवी सुई आणि नवं कार्ड काढलं.

त्या दिवशी कौसल्याबाई कुठेच गेल्या नाहीत. गच्चीवरच्या पापडांना राखण बसावं तशा त्या वाळत्या कार्डापाशी दुपारपर्यंत बसून राहिल्या. मैनाबाईंनी चहा आणून दिला आणि न सांगता कुंकवाचा करंडा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

आठवडा सरायच्या आत यवतमाळहून बोलावणं आलं. एक कण फार जास्त निघाला होता. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा नागपूरला गेलं, आणि तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. पोट रिकामं झालं की इतर मुलांचं शरीर साठलेली चरबी जाळून भागवतं. हिच्या शरीराला ते जमत नाही. फार वेळ उपाशी राहिली तर रक्तातली साखर उतरते आणि मूल झोपेतच बेशुद्ध होतं.

"औसद?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"वेळेवर खाणं, हेच औषध. रात्रीसुद्धा उठवून पाजायचं. ताप आला, ओकारी झाली, तर घरी थांबायचं नाही, लगेच सलाईन लावून घ्यायचं. एवढं सांभाळलंत तर ही शाळेत जाईल, मोठी होईल. आणि हा दोष आई आणि वडील दोघांकडून अर्धा अर्धा येतो बरं का. एकट्या आईकडून नाही."

"अन् ऋतिकचं?" सुरभीनं विचारलं.

"तेच असावं. पण ताप उतरलेलं मूल झोपलं, तर कुठलीही आई त्याला झोपूच देते. मीही दिलं असतं."

सुरभी रडली. दोन वर्षांत ती चारचौघांत रडली नव्हती.

परतीच्या एसटीत मैनाबाईंनी नातीला आपल्या मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळानं त्या सुनेला म्हणाल्या, "रातच्याले तू नीज. मी जागतो. टाइम झाला का तुले उठवतो." मागच्या बाकावर कौसल्याबाईंनी डोळे पुसले. 'देवाची मर्जी' म्हणून किती लेकरं मातीत ठेवताना त्यांनी पाहिली होती. नागपुरात त्या यंत्रापाशी कोण बसतं, बाई की बुवा, त्यांना ठाऊक नव्हतं. जो कोणी असेल त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो, असं त्या मनापासून म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी नव्या तुरीची पाच किलो डाळ 'नागपूरच्या काटेवाल्याले' म्हणून दिली. कौसल्याबाईंनी ती डॉक्टरीणबाईंकडे पोचती केली. पुढे गेली की नाही, देव जाणे.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला कौसल्याबाईंना आग्रहाचं बोलावणं होतं. मैनाबाईंची ती नात, ओवी, आता तीन वर्षांची झालेली. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळं ताटात वाढून झालं होतं. पण आरतीला भटजी येईनात. ओवीची खायची वेळ होत आली. ती देवीसमोर बसून ताटाकडे बघत होती.

सुरभी आतून वाटीत भात कालवून घेऊन आली. ओवीनं मान फिरवली. तिला पुरणपोळीच हवी होती.

मैनाबाईंनी नैवेद्याच्या ताटातली पोळी मोडली, तुपात बुडवली आणि नातीच्या तोंडात घातली.

"अवो वयनी, देवीच्या आंधी?" शेजारची बाई बोललीच.

"देवी थांबते," मैनाबाई म्हणाल्या. "पोरगी नाई थांबत."

ओवीनं पोळी संपवली, वर भज्याचा तुकडाही घेतला. मैनाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. मग ते उष्टं ताट तसंच देवीपुढे सरकवून त्यांनी हात जोडले.