उजव्याने सोसायचं

जोडे शिवण्यात जन्म गेलेल्या जोडेकाकांचा हात कामाला लागला की डोक्याला विचारायला थांबत नसे. सकाळी सुनेने नवा जोडा पॉलिश करायला दिला, तर त्यांनी सवयीने आधी दोन्ही बूट काचेवर शेजारी ठेवून बघितले. उजव्याचा तळ जाड दिसला. कानस घेतली आणि घासून डाव्याच्या बरोबरीला आणला.

सून आत आली ती दारातच थांबली.

"बाबा, हे काय केलंत?"

"जोड्यातले दोन्ही सारखे नकोत?"

"आईंसाठी केला होता तो."

काकांचं तोंड उतरलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकूंचा डावा पाय जमिनीला घासत यायचा. त्या खरखरीची लाज वाटून त्यांनी उंबरा ओलांडणंच सोडलं होतं. पलीकडच्या गल्लीत सख्खी बहीण, तिच्याकडेही जात नव्हत्या. या जोड्याने जमलं तर जमलं, म्हणून सून महिनाभर नमुने काढत बसली होती.

"उजवा मुद्दाम उंच ठेवला होता," ती म्हणाली. "तो अंग वर धरतो, म्हणून डाव्याला खालून निघायला वाट मिळते. तुम्हा दोघांकडे बघूनच सुचलं. एकाने जरा जास्त सोसायचं, म्हणजे दुसऱ्याचं अडत नाही."

"आणि मी नेमकं तेच तासलं."

"तासलंत ना, मग आता लावा."

काकांनी चामड्याचा थर कापला, चिकटवला, वर वजन ठेवलं. मनात धाकधूक होतीच. असला बेंगरूळ जोडा बघून बायको तो भिरकावून द्यायची.

दुपारी काकूंनी दोन्ही बूट उलटसुलट करून पाहिले.

"अहो, डोळे गेले का तुमचे? एक उंच, एक ठेंगणा."

"मुद्दाम आहे. आपल्या दोघांवरून केलाय हिने."

"हो का? मग यातला उजवा कोण?"

सून हसू दाबत खिडकीकडे वळली.

"मी," काका चाचरत म्हणाले.

"जन्मभर उजवा मीच होते. आता घ्या तुमची पाळी," म्हणत काकूंनी पाय पुढे केले.

भिंतीला धरून त्या निघाल्या. काका कान देऊन उभे. खरखर आली नाही. उंबऱ्याशी त्या थबकल्या, मग डावा पाय अलगद पलीकडे गेला. काकांचा जीव भांड्यात पडला.

"येताय, की तिथूनच बघणार?" बाहेरून हाक आली.

काका धावले.

"बाबा," मागून सून म्हणाली, "चपला तरी घाला."