लाल टिकलीची कॅसेट

मी एक जुना टू-इन-वन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द ऐकलाही नसेल. पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत मिळायचे. त्या पेटीला टू-इन-वन म्हणत. माझा हँडल एका बाजूनं तुटला आहे, एरिअल मधूनच वाकली आहे, आणि पाऊस नसला तरी माझ्या जाळीला सुक्या बोंबलाचा वास येतो. त्याची मला लाज वाटत नाही. मी दिवाळे गावात, कोळ्याच्या घरात सगळं आयुष्य काढलं.

मी तयार झालो खूप दूर, समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात. तिथलं मला फारसं आठवत नाही. एका लांबलचक टेबलावर माझ्यात तारा बसवल्या, झाकण लावलं आणि खोक्यात घातलं. मला तिथून आणलं ज्योतिबानं. तो बोटीवर कामाला होता. घरी येताना त्यानं धाकट्या बहिणीसाठी मला आणलं. त्या बहिणीचं नाव जमुना.

जमुनाबाई बेलापूरच्या बाजारात मासळी विकायच्या. त्यांचे वडील धर्मराज लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. कोळ्यांच्या हळदीला बँड लागतोच, हे तुम्हाला माहीत असेल. लहानपणी जमुनाबाई वरातीत बापाच्या पुढे उलट्या चालायच्या, त्याचे फुगलेले गाल बघत. बाप गेला, ट्रंपेट कुणीतरी नेलं, आणि घरात ते सूर उरले नाहीत.

मग एका शनिवारी संध्याकाळी त्या माझी चकती फिरवत होत्या. बातम्या लागल्या, खरखर लागली, आणि अचानक एक ट्रंपेट लागलं. जमुनाबाईंचा हात तिथंच थांबला. वाजवणारा कुठल्या देशाचा होता कोण जाणे. तो आधी एक साधी चाल वाजवत होता. मग ती चाल सोडून तो भलतीकडेच निघाला. मागून दुसरं वाद्य आलं, त्यानं याला काहीतरी विचारलं, यानं उत्तर दिलं. दोघं भांडले, हसले, आणि शेवटी मिळून पहिल्या चालीवर परत आले. निवेदकानं सांगितलं की याला जॅझ म्हणतात, आणि यातलं पुष्कळसं कागदावर लिहिलेलं नसतं, वाजवणारे तिथल्या तिथं रचतात.

"माझा बापूस पन असाच सुटायचा," जमुनाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "बँडचा मालक वराडायचा त्याच्यावर, सरळ वाजव म्हनून."

त्या दिवसापासून शनिवारची संध्याकाळ माझी झाली. आंघोळ करून, पाटी धुऊन पालथी घालून त्या माझ्यासमोर बसायच्या. कार्यक्रम सुरू झाला की त्यांची दोन बोटं एकदम माझ्या दोन कळांवर पडायची. एक लाल कळ, एक पांढरी. दोन्ही दाबल्या की रेडिओवरचं गाणं कॅसेटवर उतरायचं. नुसती पांढरी दाबली की उतरलेलं ऐकू यायचं. चांगली टेप झाली की त्या कोयतीच्या टोकानं कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची खाच मोडायच्या. खाच मोडली की माझी लाल कळ दाबलीच जात नाही, म्हणजे त्या टेपवर चुकूनही दुसरं काही उतरत नाही. मग त्या कॅसेटवर टिकली लावायच्या. रेडिओवरच्या टेपांना हिरवी टिकली.

लाल टिकली एकाच टेपेला होती. तिची गोष्ट आता सांगतो.

जमुनाबाईंचे मालक बाळाराम. ते होडी घेऊन खाडीत जायचे. शनिवारी त्यांचं काम एवढंच, की भिंतीला टेकून बसायचं आणि बायकोकडे बघायचं. जॅझ त्यांना कळत नव्हता. "ह्यो मानूस गानं इसरला का गो?" असं ते विचारायचे, आणि जमुनाबाई त्यांना हातानं गप करायच्या. पण ते उठून कधी गेले नाहीत. मला त्यांनी कधी हातही लावला नाही. "तिचा हाय तो," म्हणायचे.

एकदा मुंबईला मोठ्या हॉलमध्ये जॅझचा कार्यक्रम असल्याचं रेडिओवर सांगितलं. जमुनाबाईंनी हिरवं लुगडं काढलं, केसात अबोली माळली आणि मला मासळीच्या पिशवीत घातलं. पिशवी साबणानं तीनदा धुतली होती. तरी दारावरच्या रखवालदारानं नाक मुरडलं.

"मावशी, मासे आत नाही नेता येणार."

"मासं नाय रं बाबा, टेप हाय. वाज म्हनलास तर वाजंल."

रखवालदार हसला. तिथं एक वाजवणारा चहा पीत उभा होता. जमुनाबाईंनी सरळ त्यालाच विचारलं, टेप करू का म्हणून. त्यानं मान डोलावली. मग मी जमुनाबाईंच्या मांडीवर, पिशवीतून तोंड बाहेर काढून बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा जॅझ माझ्या पोटातून न येता समोरून आला.

मित्रांनो, तो फरक मला सांगता येणार नाही. रेडिओवरचं गाणं तारेतून थेट टेपवर उतरतं, बाजूला कोणी बोललं तरी ते टेपवर येत नाही. इथं मात्र मी माझ्या छोट्या माइकच्या भोकातून सगळंच ऐकत होतो. खुर्च्या करकरत होत्या, कोणीतरी पायानं ठेका धरला होता, जमुनाबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. आणि बाळाराम खोकत होते. भरपूर खोकले बिचारे. हॉलमधली गार हवा त्यांना सोसली नाही.

घरी येऊन टेप ऐकली तेव्हा जमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. पियानोला त्या पेटीच म्हणायच्या.

"आवो, ह्या पेटीवाल्याच्या जोडीला तुमीच वाजलाव की!"

"मंग पुसून टाक."

"पुसनारच हाय. पुन्यांदा गेलो का ह्याच्यावरच घेईन."

म्हणून त्या टेपेची खाच त्यांनी मोडली नाही, नुसती लाल टिकली लावली. पुढे ती दोघं आणखी कार्यक्रमांना गेली, मीही गेलो, पण प्रत्येक वेळी जमुनाबाई नवी कॅसेट घ्यायच्या आणि लाल टिकलीची टेप तशीच राहायची. त्या नव्या टेपा नंतर पुराच्या पाण्यात गेल्या. लाल टिकलीची तेवढी हिरव्या टिकल्यांच्या डब्यात, वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. दर वेळी ऐकताना त्या म्हणायच्या, "पुसायला पायजे," आणि पुन्हा डब्यात ठेवायच्या. घरात माझ्या नशिबी पुष्कळ कौतुक होतं. शेजारणी म्हणायच्या, जमुनाचा लाडका पोर आहे तो, रोज फडक्यानं पुसते.

वर्षं गेली. मुलगा सूरज मोठा झाला, नोकरीला लागला, घर पक्कं झालं. सूनबाई आली, सोनल. तिनं सासूला फोनवर गाणी लावून दिली. जमुनाबाई तीही ऐकायच्या. पण शनिवारी मला फडकं मिळायचंच.

गेल्या वर्षी जमुनाबाई आजारी पडल्या आणि फार दिवस राहिल्या नाहीत.

घरात माणसं आली, गेली. मला कोणीतरी चादरीनं झाकलं. चादरीखालून मला बाळारामांचं चालणं ऐकू यायचं. ते खोलीत यायचे, उभे राहायचे, परत जायचे. सूरज विचारायचा, "बाबा, काय हवंय?" आणि ते म्हणायचे, "काय नाय."

एका सकाळी घरात कोणी नव्हतं. त्यांनी चादर काढली. डब्यातून लाल टिकलीची कॅसेट शोधली. जमुनाबाईंचा आवाज असलेली घरात ती एकच टेप उरली होती, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ती माझ्यात नीट बसवली. झाकण लावलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि जमुनाबाई करायच्या तसंच केलं. दोन बोटं. दोन कळा. एकदम.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त जे सांगतात ते करता येतं. चाकं फिरू लागली. आवाज काही येईना. बाळारामांनी कान जवळ आणला. आवाजाची कळ पूर्ण फिरवली. थोडं थांबले. मग उठून चुलीवरचा भात बघून आले. पुन्हा बसले.

"जमुना," ते हळूच म्हणाले. नाक ओढलं. मग पुन्हा, "जमुना, ह्यो वाजत का नाय गो?"

आणि त्यांनी चाकं बंद केली.

दुपारी सोनल कामावरून आली तेव्हा ते माझ्यासमोरच बसले होते. "बिघडला वाटतं," ते म्हणाले. "दोनी दाबल्या, ती दाबायची तश्याच."

सोनलनं तोंडावर हात ठेवला. "बाबा, लाल कळ पण दाबलीत? ती टेप करायची कळ आहे. तिनं जुनं पुसलं जातं."

बाळारामांनी कॅसेट काढली नाही, मला नुसतं उचललं आणि स्टुलावर चढून माळ्यावर, सुटकेसच्या मागे ठेवलं. सोनल खालून म्हणत होती, "बाबा, सगळी नसेल पुसली, बघू तरी." पण ते ऐकत नव्हते.

माळ्यावर मी कितीतरी महिने होतो. तिथं पाली होत्या आणि जुनं जाळं होतं. अंधाराची सवय होते, पण माझ्या पोटात ती टेप अर्धवट थांबलेली होती. पुढे काय उरलंय ते मलाही माहीत नव्हतं. चाकं फिरल्याशिवाय मला काहीच कळत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा साफसफाई निघाली. सूरजनं मला खाली काढलं. "हा चालत पण नसेल आता. खाली भंगारवाला आहे, देऊन टाकू?"

"टेप आहे त्यात आईंची," सोनल म्हणाली. "आधी ऐकू."

"नको," बाळाराम दारातूनच म्हणाले.

"का पण, बाबा?"

"जवर लावली नाय तवर ती आत हाय. लावली आनि नसली, मंग?"

सोनलनं ओल्या फडक्यानं माझ्यावरची धूळ पुसली. पुसताना म्हणाली, "आणि असली तर? वर्षभर माळ्यावर एकट्या बसवल्यात तुम्ही त्यांना, पालींच्या बरोबर. त्या मला बोल लावतील, तुम्हाला नाही."

बाळारामांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते आत आले आणि खाली बसले. सोनलनं आधी चमच्याच्या टोकानं कॅसेटची खाच मोडली, टेप मागे फिरवली आणि त्यांचं बोट धरून पांढऱ्या कळेवर ठेवलं. "ही. फक्त ही."

माझी चाकं आधी अडखळली. मग फिरली. कावळे ओरडले, भाताच्या झाकणाचा खुळखुळ आवाज आला. मग बाळारामांचा स्वतःचा आवाज. "जमुना." नाक ओढल्याचा आवाज. सूरजनं तोंड फिरवलं. बाळाराम उठायला लागले, सोनलनं त्यांचं मनगट धरून ठेवलं. पुन्हा कावळे. मग, "जमुना, ह्यो वाजत का नाय गो?"

खट्.

आणि लगेच, बांगड्यांच्या आवाजासकट, कुजबुजत, थोडी चिडून:

"आवो, गप बसा ना जरा. वाजतंय. आयका."

मी पुढे वाजत राहिलो. त्या कार्यक्रमात पेटीवाला, म्हणजे त्यांचा पियानोवाला, एका जागी इतकं हळू वाजवत होता की बाळारामांना वाटलं, बंद पडला. त्यांनी तेव्हा जे काही विचारलं ते आता पुसलं गेलं होतं. त्याच्या जागी त्यांचा नवा प्रश्न बसला होता, आणि जमुनाबाईंचं उत्तर दोन्हींना चालत होतं. ते सूर आले, अगदी बारीक, मग मोठे झाले, मग बाकीची वाद्यं त्यात मिसळली, आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांत जमुनाबाईंच्या बांगड्या सगळ्यात जास्त वाजत होत्या.

टेप संपेपर्यंत बाळाराम एक शब्द बोलले नाहीत. तिनं सांगितलं होतं ना, गप बसा म्हणून.

खालून भंगारवाल्यानं हाक मारली. सूरज खिडकीत गेला आणि त्याला म्हणाला, "काही नाही रे, जा तू."

आता सोनलनं ती टेप फोनवरही उतरवून घेतली आहे. पण बाळाराम शनिवारी मलाच लावतात. हिरव्या टिकलीच्या टेपाही ऐकतात, एकेक करून. परवा एका ट्रंपेटला ते स्वतःशीच म्हणाले, "आता परत येनार बघ चालीवर," आणि ते खरंच आलं. त्यांनी पटकन बाजूला बघितलं, कोणाला तरी सांगायला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना कोरड्या फडक्यानं पुसा, पाण्यापासून जपा, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणीतरी एखादी गोष्ट मनापासून करत असेल. रेडिओ ऐकत असेल, जाळं विणत असेल, पेटी वाजवत असेल. ती तुम्हाला कळत नसली तरी त्यांच्या शेजारी बसता, हे चांगलंच. आता थोडं पुढे सरका. कोणती कळ दाबायची ते विचारा, आणि आजच विचारा. ते माणूस आधी हसेल. मग तुमचं बोट धरेल आणि दाखवेल.