उभ्यानं द्यायचा नारळ

‘वाऱ्यावांगडा भांडू नको, बाय. शीड उतर, नि होडयेचा नाक लाटेक दी.’

येसूचे वडील, बाबल तांडेल, जाऊन तीन वर्षं झाली. पण आश्विनातल्या त्या दुपारी सह्याद्रीकडून आभाळ काजळत आलं, तेव्हा खाडीच्या मुखाशी आधी त्यांचा आवाज आला, आणि मग मेघांचा.

क्षणापूर्वी सुवर्णलेपित असलेली खाडी शिसवी झाली. शिसवी, श्यामल, श्वास रोखून बसलेली.

त्या श्यामल विस्तारावर एकच केशरी ठिपका: येसूची दोन जागांची, शिडाची कयाक. गावचे नाखवे तिला हसत. ‘येसू, गो, ह्या खेळणा दर्यार न्हेतंस, काय न्हाणयेत सोडतंस?’ आज मागच्या जागेवर भागीआत्या होती, पैलतीरीच्या देवीची ओटी भरून परतणारी. पिशवीत एक जादा नारळ, दर्यासाठी.

वीज कोसळली. येसूनं शीड उतरवलं, डोलकाठी आडवी बांधली. तीन गाठी, तीन श्वास. मग दोरीला बांधलेली बादली नाकावरून पाण्यात सोडली. बादली भरली, दोरी ताणली, आणि ती तृणलघू नौका वाऱ्याकडे मुख करून थांबली, मानिनीसारखी.

पण दर्याला नारळ बसून देत नाहीत. साठ वर्षांत भागीआत्यानं कधी तसा दिला नव्हता. नारळ घेऊन ती उठली, आणि कयाक कलली. हिरवं, थंड पाणी काठावरून आत आलं.

‘बस गो आत्ये! आता तुझे हात माका होयेत! वल्हा धर!’

‘अगो, पण त्येका देवक नको?’

‘फाल्यां सकाळी मी देतंय. हयच येवन, उभ्यान. वचन माझा!’

दर्यानं ऐकलं की नाही, त्यालाच ठाऊक, आत्यानं ऐकलं. ती बसली.

लाट आली, नाक उचललं. लाट गेली, नाक उतरलं. दोन वल्ही, एकच लय. जणू ओल्या ओठांनी म्हटलेलं स्तोत्र. विद्युल्लतेच्या निळ्या उजेडात येसूच्या डोळ्यांत भय दिसे. पण ते भय तिच्या मनगटांपर्यंत पोहोचत नव्हतं.

मेघ सरले. किनाऱ्यावर नाखवे गुडघाभर पाण्यात उभे होते, कुणी हसत नव्हतं. त्यांच्यातले दाजी कुबल कयाक ओढायला धावले. आत्यानं हात आडवा केला.

‘हात लावू नको, दाजी. माझ्या भावाच्या चेडवान होडी किनाऱ्याक हाडल्यान. तीच वर ओढतली.’

आणि येसूनं ओढली. ताठ मानेनं.

दुसरी सकाळ उजाडली ती धुतलेल्या शंखासारखी. गाव अजून चुलीपाशी होतं. कुणाला हाक न देता येसूनं ओलं शीड उभारलं, नारळ मांडीशी घेतला, कयाक लोटली. मोतिया पाणी दुभंगलं. आणि खाडीच्या मुखाकडे एक रेषा निघाली, संथ, सरळ, शुभ्र, उमटत गेली, उमटत गेली.